गाडी काढायची नाही

सकाळी डोळे उघडले की मी आधी गॅलरीत जातो आणि खाली बघतो. गाडी जागेवर आहे ना, एवढंच बघायचं असतं. ती असतेच. ती कुठं जाणार? मीच तिला कुठं जाऊ देत नाही. तरी दात घासताना पुन्हा एकदा डोकावतो, चहाचा कप घेऊन तिथंच उभा राहतो, आणि बायको स्वयंपाकघरातून ओरडते, "बसा की हो घडीभर. पळून जायलीय का ती?" मी बसतो. बसलो की पाय हलायला लागतो.

पिंपळे गुरवातल्या आमच्या गल्लीत गाड्या चालत नाहीत, उभ्या असतात. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं तर त्याला वाटतं मी थट्टा करतोय. अर्ध्या-एक गुंठ्यावर बांधलेली घरं, खाली भाडेकरू, वर मालक, जिना थेट रस्त्यावर उतरलेला. घरं बांधली तेव्हा सायकल लावायला जागा असली की झालं, असं आम्हा सगळ्यांचं मत होतं. पुढं घराघरात गाडी आली आणि गल्ली होती तेवढीच राहिली. आता ज्याला दारासमोर जागा मिळाली तो ती सोडत नाही. गाडी काढली की मागून दुसरा येऊन लावतो, आणि मग आपण आपल्याच घराभोवती गाडी घेऊन घिरट्या घालत बसायचं. म्हणून गाडी काढायची नाही. लग्नाला जायचं तर रिक्षा, दळणाला स्कूटर, कामावर कंपनीची बस. रविवारी गाडी पुसायची, बॅटरी उतरू नये म्हणून थोडा वेळ चालू ठेवायची, हातभर पुढं, हातभर मागं अशी हलवायची आणि बंद करून आंघोळीला यायचं.

मी चाकणच्या एका कंपनीत आहे. आम्ही गाड्यांच्या सीटखालचे लोखंडी सांगाडे बनवतो. लाइनवर ते असे सरकत येतात की नाक खाजवायला उसंत मिळत नाही. आणि घरी माझी स्वतःची गाडी, जिच्या सीटखाली बहुतेक आमचाच सांगाडा आहे, जागची हलत नाही. हे मी एकदा कॅन्टीनमध्ये सांगितलं तेव्हा सगळं टेबल हसलं. मग एकेक जण बोलायला लागला. निम्म्यांच्या गाड्या तशाच उभ्या होत्या. कुणाची चऱ्होलीत, कुणाची दिघीत. एकानं सांगितलं, त्यांच्या गल्लीत जागा धरायला लोक रंगाच्या डब्यात सिमेंट ओतून मध्ये दांडा रोवतात. दुसरा म्हणाला, आमच्याकडं एकानं तुळशीची कुंडीच आणून ठेवलीय, हलवणार कोण? त्यावर पुन्हा हशा झाला आणि पाळीची घंटा वाजली.

समोरच्या घरात माझा मित्र राहायचा. राहायचा असं लिहिताना अजून जड जातं. मी लातूरकडून नोकरीला आलो आणि तो जुन्नरकडून धंद्याला आला, दोघांनी घरं जवळपास एकाच वेळी बांधली. कासारवाडीत त्याचं गाड्यांच्या सीट कव्हरचं दुकान. घरी तो त्याच्या बायकोशी दखनीत बोलायचा, बाहेर जुन्नरी मराठीत, आणि तीच मराठी खरी असं त्याचं ठाम मत होतं. माझ्या बोलण्यावर तर तो टपूनच बसलेला असायचा. "तुमचं ते करायलाव, जायलाव आदी मराठीत करून आन राव, मंग बोलू," असं म्हणायचा आणि स्वतःच मोठ्यानं हसायचा. त्याच्या हसण्याचा आवाज तिसऱ्या घरापर्यंत जायचा. लोक गॅलरीत येऊन विचारायचे, काय झालं?

माझ्या दारासमोर एक बाक होता. बाक कसला, घर बांधताना उरलेली शहाबादी फरशी विटांच्या दोन खांबांवर टाकलेली. संध्याकाळी तो मगरिबची नमाज आटोपून यायचा, मी पहिल्या पाळीहून येऊन झोप काढून उतरायचो. आम्ही तिथं काय करायचो, असं कुणी विचारलं तर मला सांगता यायचं नाही. काहीच करत नव्हतो. जुन्नरचा हापूस खरा हापूस आहे की नाही यावर आम्ही कित्येक उन्हाळे भांडलो. जाणारा-येणारा टेकायचा. भाजीवाली मावशी टोपली उतरवून कंबर मोकळी करायची. कुणाच्या पोरीचं जमलं, कुणाला दवाखान्यात नेलंय, कुणाच्या कंपनीत माणसं कमी करताहेत, सगळं तिथं कळायचं. विचारायला जावं लागायचं नाही. तासभर बसून वर आलो की मला भूक लागायची आणि जेवलो की झोप यायची. आता ही किती मोठी गोष्ट होती असं वाटतं.

गाडीची खाज मला कुठून लागली ते नीट सांगता येत नाही. कंपनीच्या बसमध्ये सगळे फोनवर गाड्यांचेच व्हिडिओ बघायचे. एक पोरगा ओरडून ओरडून दरवाजा कसा लागतो त्याचा आवाज ऐकवायचा. मीही बघायला लागलो. मग हे फोनलाच कळलं. काहीही उघडलं तरी गाडीच दिसायची. दिवाळीत बायकोचा भाऊ लातूरहून नवी गाडी घेऊन आला, छताला काच असलेली. बायको त्या काचेतून डोकं बाहेर काढून उभी राहिली आणि फोटो काढून घेतला. आत आल्यावर म्हणाली, "आपल्याला काय कमी हाय?" कमी काहीच नव्हतं. तरी त्या वाक्यानंतर मला घरात सगळीकडं कमीच दिसायला लागलं. मित्राला सांगितलं तर तो म्हणाला, "घे की राव. तुमी लोकांनी गाड्या घेतल्या तर आमची कव्हरं खपत्याल."

गाडी आणायला तो बरोबर आला होता. शोरूममध्ये गाडीवर चकचकीत लाल कापड टाकलेलं, मला माझ्या छातीएवढी पुठ्ठ्याची किल्ली हातात दिली, पोरापोरींनी टाळ्या वाजवल्या, वरून चमकीचे कागद उडवले. त्या फोटोत आम्ही तिघं आहोत, मी, बायको आणि तो. त्याच्या डोक्यावर चमकी पडलीय आणि तो तोंड उघडं टाकून हसतोय. माझा फोटोतला चेहरा मात्र शाळेत बक्षीस घेणाऱ्या पोरासारखा आहे. पेढे वाटत गल्लीत आलो आणि मगच लक्षात आलं, गाडी लावायची कुठं?

असं कसं लक्षात आलं नाही, असं वाचणाऱ्याला वाटेल. मलाही वाटतं. पण आमच्या गल्लीत सगळ्यांचंच असं झालं. रंग ठरवताना घरात आठवडाभर भांडणं होतात, जागेचा विषय कुणी काढत नाही. गाडी गल्लीच्या मधोमध उभी, मागं दुधाचा टेम्पो हॉर्न वाजवतोय, आणि मित्र म्हणाला, "बाक काढ. बाक काय, कुटंबी टाकता येतो. पहार आन." पहार त्यानंच मारली. फरशी आम्ही दोघांनी मिळून जिन्याखाली उभी केली. गाडी आत बसली. त्यानं बोनेटवर हात फिरवला आणि म्हणाला, "आता कसं सायबावानी दिसतंय घर." त्या संध्याकाळी आम्ही गाडीला टेकून उभे राहिलो. दुसऱ्या दिवशी बायको म्हणाली टेकू नका, चरे पडतात. मग आम्ही जरा बाजूला उभे राहिलो. उभ्यानं माणूस किती वेळ बोलणार?

पुढं त्यानंही घेतली, जुनी, दुकानात येणाऱ्या एका गिऱ्हाइकाची. ती त्याच्या दारासमोर लागली, माझ्या गाडीच्या समोर, दोन्हींमधून एखादी गाडी अंग चोरून जाईल एवढी वाट. सीट कव्हर त्यानं आपल्या हातानं शिवून घातली होती, दोन्ही गाड्यांना एकाच रंगाची.

त्यानंतर जे सुरू झालं ते मला आता आठवलं तरी विचित्र वाटतं. पण तेव्हा वाटत नव्हतं. संध्याकाळी तो आपल्या गाडीत जाऊन बसायचा. एसी लावायचा, जुनी गाणी लावायचा. आता बसायला दुसरी जागाच नव्हती, आणि गाडीतली सीट फरशीपेक्षा मऊ होती. मीही उतरून माझ्या गाडीत बसायचो. काचा वर, कारण डास. आम्ही एकमेकांना समोर दिसायचो. तो हात करायचा, मी हात करायचो. कधी तो फोन लावायचा. समोरासमोर दोन गाड्यांत बसून आम्ही फोनवर बोलायचो, त्याचे ओठ आधी हलायचे आणि आवाज जरा मागून यायचा. बोलता बोलता त्याला दुकानाचा फोन यायचा, मला काही तरी व्हिडिओ दिसायचा, आणि फोन कधी ठेवला तेही लक्षात राहायचं नाही. गल्लीतले इतर पुरुषही हळूहळू तसंच करायला लागले. संध्याकाळी आमच्या गल्लीतून कुणी चालत गेलं असतं तर त्याला प्रत्येक गाडीत एकेक माणूस बसलेला दिसला असता, उजेड तोंडावर पडलेला.

भाजीवाली मावशी थांबेनाशी झाली. भाजी फोनवरून यायला लागली. कोपऱ्यावरचे आजोबा वारले ते मला तेराव्याला मंडप दिसला तेव्हा कळलं. मला शरम वाटली. मी मित्राला फोन केला तर त्यालाही माहीत नव्हतं.

माझं चित्त थाऱ्यावर राहीना. गाडीसाठी काही ना काही मागवत राहायचो. मानेची उशी मागवली, जिला टेकून मी कुठंही जाणार नव्हतो. समोरच्या काचेला लावायचा कॅमेरा मागवला. तो उभ्या गाडीतून उभ्या गल्लीचं चित्रण करायचा, आणि मी ते बसून बघायचो. मांजर येतं, मांजर जातं. कुणी पार्सलवाला आमच्या बोनेटवर खोकं ठेवून दुसऱ्याची बेल वाजवतो, तेवढ्यावरून मी दोन दिवस चडफडलो. मागवलेली वस्तू येईपर्यंत बरं वाटायचं, खोकं फोडलं की पुन्हा तीच तगमग. डॉक्टरांनी रक्तदाब सांगितला, चालायला सांगितलं. चालायला निघालो की दुसऱ्यांच्या गाड्या बघत चालायचो. आमच्याच गाडीचं नवं मॉडेल आलं होतं, मागचे दिवे निराळे. ते दिवे दिसले की मी थांबून बघत राहायचो. बायकोला काही सांगितलं नाही, पण तिनं ओळखलं. म्हणाली, "आता नवीन काढायचं खूळ घेऊ नका डोक्यात. हीच कुठं नेली नाही."

ते खरंच होतं. गाडी घेण्याआधी, बाकावर बसून, आम्ही एक बेत केला होता. गाडी आली की दोन्ही घरांनी मिळून त्याच्या गावी जायचं. त्याचा थोरला भाऊ तिथं शेती करतो. विहीर दाखवायची होती, आंबे दाखवायचे होते आणि हापूसचं भांडण एकदाचं मिटवायचं होतं. गाडी येऊन दोन उन्हाळे गेले. दर रविवारी काही तरी निघायचं, आणि ते काही तरी म्हणजे जागा, हे दोघांनाही माहीत होतं.

शेवटी एका रविवारी निघालो. सगळी तयारी केली होती. माझ्या गाडीतून जायचं ठरलं, त्याची जागेवरच राहणार होती. माझ्या जागेत स्कूटर आडवी लावली, तिला साखळी घातली, खालच्या भाडेकरूला लक्ष ठेवायला सांगितलं. वहिनींनी डबे भरून घेतले होते. त्याच्या बायकोला मी वहिनीच म्हणतो. नाशिक फाट्यापर्यंत तो पोरासारखा खुशीत होता, खिडकीतून हात बाहेर काढून बसला होता. भोसरीला गर्दी लागली, मोशीला आणखी. रोज मी ह्याच रस्त्यानं बसमधून झोपून जातो, त्या दिवशी पहिल्यांदा स्वतः चालवत होतो. क्लच दाबून पाय दुखला, पण मला आवडलं. मागं बायका बोलत होत्या, हसत होत्या. किती दिवसांनी चौघं एका जागी बसलो होतो! मला वाटलं, गाडी घेतल्याचं आज सार्थक झालं.

चाकणच्या चौकात अडकलो असताना भाडेकरूचा फोन आला. "काका, तुमच्या जागेत कुणीतरी गाडी लावलीय. चौघांनी स्कूटर उचलून बाजूला ठेवली. मी नको म्हणालो तर म्हणाले, रस्ता काय बापाचा आहे का?"

गाडीत सगळ्यांनी ऐकलं, कारण फोन गाडीच्या स्पीकरवर होता. ती सोय मीच हौसेनं दाखवत होतो. मी म्हणालो, "जाऊ दे. आता निघालोय तर जाऊन येऊ." म्हणालो खरा. डोळ्यासमोर गाव नव्हतं, विहीर नव्हती, ती परकी गाडी होती. माझ्या दारासमोर. परत आल्यावर लावणार कुठं? लांब कुठंतरी पुलाखाली लावली तर काचा राहतील का? मित्रानं माझ्याकडं बघितलं. तो मला ओळखून होता.

"वळव राव," तो म्हणाला.

"अरे पण गावी..."

"वळव. तुजं ध्यान न्हाई हितं. आसं घाटात गाडी चालीवशील तर आमाला वर पोचीवशील."

तो हसला, पण ते हसणं गाडीच्या बाहेरही गेलं नसेल. मी वळवली. त्यानं भावाला फोन करून सांगितलं, चाकणला लई ट्राफिक हाय, न्हाई येत. तिकडं कोंबडं कापून झालं होतं. भाऊ काय म्हणाला ते ऐकू आलं नाही, हा नुसता "व्हय, व्हय" म्हणत राहिला. घरी पोचून मी तासभर भांडलो, जागा परत मिळवली. ज्यानं गाडी लावली होती तो कोपऱ्यावरच्याचा, म्हणजे त्या वारलेल्या आजोबांच्या मुलाचा, पाहुणा निघाला. वहिनींनी दोन डबे आमच्या घरी पाठवून दिले. आम्ही ते आमच्या घरात खाल्ले आणि त्यांनी त्यांच्या घरात खाल्ले.

ह्यावरून आमचं भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं, भांडण मिटवता तरी येतं. तो हात करायचा, मी हात करायचो. फक्त गाडीत बसणं त्यानं कमी केलं, दुकानातून उशिरा यायला लागला. मी मात्र बसायचो, समोरच्या रिकाम्या सीटकडं बघत. बोलावं असं रोज वाटायचं. काय बोलणार? चाकणहून परत वळलो त्याची माफी मागायची? वळव तर तोच म्हणाला होता.

तो गल्ली सोडून चाललाय हे मला गल्लीच्या ग्रुपवर कळलं. तेही सरळ नाही. कोपऱ्यावरच्यानं लिहिलं होतं, अमुक यांच्या घरासमोरची जागा महिनाअखेर रिकामी होत आहे, तरी आधी कोणाचा हक्क आहे ते ठरवून घ्यावे. त्याखाली चर्चा सुरू झाली होती. कुणी म्हणत होतं त्याच्या खालच्या भाडेकरूला द्या, कुणी म्हणत होतं ज्याच्या दोन गाड्या आहेत त्याला नको. एकानं नुसते हात जोडले होते. मी दुसऱ्या पाळीला निघालो होतो, बसमध्ये होतो. ते वाचून मला कानशिलात बसल्यासारखं झालं. माणूस चाललाय आणि हे जागा वाटून घेताहेत. मी रागानं काही तरी लिहायला घेतलं, मग पुसलं. कारण माझ्याही मनात आलं होतं, ती जागा नेमकी माझ्या समोर आहे. बायको किती दिवस म्हणतेय, शिकायला बाहेर असलेली लेक परत आली की तिच्यासाठी दुसरी छोटी गाडी घेऊ.

दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी गेलो. खोकी भरून ठेवली होती, बसायला एकच खुर्ची उरली होती, त्यात त्यानं मला बसवलं आणि स्वतः खोक्यावर बसला. पोरगा हिंजवडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे, त्यानं पुनावळ्यात फ्लॅट घेतला होता. मला फोनवर फोटो दाखवले. हॉल, किचन, बाल्कनी हे त्यानं भराभर सरकवलं आणि शेवटच्या फोटोवर थांबला. तळमजल्यावरच्या एका खांबावर पिवळ्या रंगानं नंबर लिहिला होता.

"ही आपली जागा," तो म्हणाला. "नावावर. कुनाच्या बाला हात लावता येनार न्हाई. आता मी भायेर जानार, सकाळी जानार, रातच्याला येनार, जागा तिथंच!" त्याचा चेहरा उजळला होता. मला त्याचा आनंद कळत होता, आणि त्याच आनंदाचा मला राग येत होता.

मी त्याला एकच गोष्ट सांगायला गेलो होतो. रात्रभर ती मनात घोळवली होती. तू गेलास की ह्या गल्लीत मला अरे म्हणून हाक मारणारं कुणी राहणार नाही, एवढंच सांगायचं होतं. वीसेक वर्षं शेजारी राहून हे एक वाक्य बोलता येऊ नये? मी घसा साफ केला आणि विचारलं, "चार्जिंगचा पॉइंट आहे का रे तिथं?"

"हाय की," तो म्हणाला. "पन आपली गाडी कुटं चार्जिंगची हाय?"

वहिनी चहा घेऊन आल्या. चहा प्यायलो आणि परत आलो. ठरवलं, जाताना तरी सांगायचंच. निघायच्या दिवशी सगळ्यांसमोर गळ्यात पडेन आणि सांगेन. लाज कसली आता.

तो रविवार होता. सकाळीच टेम्पो आला. गल्ली अडवून उभा राहिला तरी कुणी हॉर्न वाजवला नाही, कारण सगळे गॅलरीत उभे राहून बघत होते. मी सामान उचलायला लागलो. कपाट जिन्यातून उतरवताना त्याचं एक टोक माझ्याकडं होतं, एक त्याच्याकडं, आणि तो वरून म्हणत होता, "हळू राव, आता तुज्या कंबरंची वारंटी संपली." मी हसलो. तेव्हाच सांगून टाकावं असं वाटलं, पण कपाट हातात होतं. मग गादी आली, मग गॅसची शेगडी, मग वहिनींच्या कुंड्या. सामान भरून झालं. वहिनी माझ्या बायकोच्या गळ्यात पडून रडल्या. दोघींना किती सहज जमलं ते.

वहिनी गाडीत बसल्या. बायको वर गेली, डबा विसरला होता तो आणायला. तो माझ्याकडं आला. मी हात पुढं केले.

त्यानं ते धरले, पण तो माझ्याकडं बघत नव्हता. माझ्या खांद्यावरून गल्लीच्या टोकाकडं बघत होता. मग कानाजवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "स्कूटर आन. पळ."

"काय?"

"आरं मागं बघू नगं. कोपऱ्यावरचा गाडी चालू करून बसलाय. मी काढली की त्यो घालनार. मी न्हाई देनार त्याला. ही जागा तुजी. पोरीला गाडी घ्यायची म्हनत व्हतास न्हवं? पळ, आन स्कूटर."

"अरे थांब जरा. मला बोलायचंय."

"आदी स्कूटर आन, मंग बोल!"

मी पळालो. स्कूटर जिन्याखाली, तिच्यापुढं भाडेकरूची मोटारसायकल. ती ओढली, तिचा आरसा माझ्या कोपराला लागला. स्कूटर सुरू होईना, मी ती तशीच ढकलत बाहेर आणली. तोवर त्यानं गाडी बाहेर काढली होती, पण सरळ केली नव्हती. गल्लीत आडवी घालून उभी ठेवली होती, कुणालाही आत घुसता येऊ नये अशी. कोपऱ्यावरचा मागून हॉर्नवर हॉर्न वाजवत होता. टेम्पोवालाही ओरडत होता. मित्रानं काच खाली केली, हात बाहेर काढून मला खुणावलं, घाल, घाल, आत घाल. त्याच्या चेहऱ्यावर ते जुनं हसू होतं, हापूसच्या भांडणात जिंकल्यावर यायचं ते. मी स्कूटर त्या रिकाम्या जागेच्या मधोमध नेली आणि दोन्ही हातांनी उचलून स्टँडवर चढवली.

मागं वळलो तेव्हा टेम्पो कोपऱ्यावर वळत होता आणि त्याच्यामागं त्याची गाडी. मी हात केला. मागच्या काचेतून सामानाशिवाय काही दिसत नव्हतं, त्यानं आरशात बघितलं असेल तर बघितलं असेल. कोपऱ्यावरच्यानं माझ्याकडं रागानं बघत गाडी बंद केली. गॅलऱ्यांतले लोक आत जायला लागले.

बायको डबा हातात घेऊन आमच्या गॅलरीत आली होती. तिनं विचारलं, "गेले? भेटलात का नीट?"

"जागा मिळाली," मी म्हणालो.

ती डबा घेऊन आत गेली. मी स्कूटरचं हँडल लॉक केलं, किल्ली खिशात टाकली. आणि खोटं कशाला लिहू, त्या क्षणी मला आनंद झाला होता.